नेपल्समधील ‘स्कुदेत्तो’ची पायी सहल : विजयाच्या आठवणींसाठी काढावेत असे तीन तास

नेपल्सला जाणारा मराठी प्रवासी बहुधा पॉम्पेईचे अवशेष, व्हेसुव्हियस आणि पिझ्झा यांसाठी एखादा दिवस राखून ठेवतो आणि संध्याकाळच्या गाडीने रोमला परततो. त्या वेळापत्रकात आणखी तीन तासांची भर घालावी, असे मी आग्रहाने सुचवीन. नापोली या फुटबॉल संघाने इटलीचे अजिंक्यपद जिंकले तेव्हा शहराने केलेल्या जल्लोषाच्या आठवणी सांगत जुन्या वस्तीतून हिंडवून आणणारी एक पायी सहल तिथे मिळते. ती चालवणारे स्थानिक लोक आहेत. आमचा वाटाड्या पन्नाशीचा, याच शहरात वाढलेला आणि पहिल्या अजिंक्यपदाच्या वेळी शाळकरी असलेला गृहस्थ होता. सहलीची भाषा इंग्रजी, शुल्क माणशी ३५ युरो आणि त्यात एक कॉफी धरलेली. रुपयांत हिशेब केला तर ही रक्कम लहान नाही, पण मला ती पूर्णपणे वसूल झाल्यासारखी वाटली.

मोठ्या क्लबांच्या संग्रहालयांत करंडक काचेच्या कपाटात असतात आणि माहिती फलकांवर असते. इथे एकही करंडक पाहायला मिळत नाही. इथे भेटतात ती माणसे, आणि त्या दिवशी आपण कुठे उभे होतो, कोणाबरोबर होतो, रात्री घरी किती वाजता परतलो हे ती सांगतात. विजय अकरा खेळाडूंनी मिळवला असला, तरी त्याची आठवण साऱ्या शहराने वाटून घेतलेली आहे, हे या सहलीत जितके स्पष्ट दिसते तितके मला आजवर पाहिलेल्या कोणत्याही क्रीडा संग्रहालयात दिसले नव्हते.

सुरुवात जेझू नुओव्हो चर्चसमोरच्या चौकात होते. पहिली वीस मिनिटे वाटाड्या उभ्यानेच पार्श्वभूमी सांगतो, आणि ती लक्षपूर्वक ऐकावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ‘स्कुदेत्तो’ म्हणजे इटलीच्या तिरंगी ध्वजाच्या रंगांची छोटी ढाल. राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा संघ पुढच्या मोसमात ती आपल्या सदऱ्यावर लावतो, म्हणून लोक अजिंक्यपदालाच स्कुदेत्तो म्हणतात. १९८७ पूर्वी ही ढाल रोमच्या दक्षिणेला मुख्य भूमीवरच्या एकाही संघाला मिळालेली नव्हती. १९७० मध्ये कालियारीने ती जिंकली होती, पण ते शहर सार्डिनिया बेटावरचे. एरवी विजेतेपद बहुतेक वेळा मिलान आणि तुरिन या उत्तरेकडच्या श्रीमंत औद्योगिक शहरांत फिरत राही. दक्षिणेतले हजारो तरुण पोटापाण्यासाठी तुरिनच्या फियाट कारखान्यात जात, आणि फियाटचे मालक असलेले आन्येल्ली घराणेच तुरिनच्या युव्हेंटस या संघाचेही मालक होते. उत्तरेतल्या मैदानांवर नापोलीच्या खेळाडूंचे स्वागत ‘अंघोळ करा’ अशा फलकांनी होई. व्हेसुव्हियसने हे शहर एकदाचे गिळून टाकावे, अशा घोषणाही दिल्या जात. वाटाड्या हे सांगताना आवाज चढवत नव्हता, तरी आमच्यापैकी कोणीही मध्येच छायाचित्रे काढायला वळले नाही.

अशा शहरात ५ जुलै १९८४ रोजी बार्सिलोनाहून अर्जेंटिनाचा विख्यात फुटबॉलपटू डिएगो मॅराडोना नापोलीकडून खेळायला आला. त्याला नुसते पाहायला सान पाओलो मैदानात सुमारे ७०,००० लोक जमले होते. तीन वर्षांनी, १० मे १९८७ रोजी, त्याच मैदानावर फिओरेंटिनाविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि नापोलीचे पहिले अजिंक्यपद निश्चित झाले. नापोलीचा गोल आंद्रेआ कार्नेवालेने केला होता. फिओरेंटिनाची बरोबरी साधणारा वीस वर्षांचा मुलगा म्हणजे रॉबेर्तो बाज्जो, आणि सेरी आ या इटलीच्या सर्वोच्च श्रेणीतल्या स्पर्धेतला तो त्याचा पहिलाच गोल होता. फुटबॉलच्या चाहत्यांना हा तपशील आवडेल, पण नेपल्सच्या लोकांच्या आठवणीत सामना जवळजवळ नसतोच. त्यांच्या आठवणी शेवटच्या शिट्टीनंतर सुरू होतात.

स्पाक्कानापोली या जुन्या शहराला सरळ चिरत जाणाऱ्या अरुंद रस्त्यावरून आम्ही नाईल देवतेच्या प्राचीन पुतळ्याजवळच्या बार नीलोपाशी पोहोचलो. इटलीत बार म्हणजे प्रामुख्याने उभ्याने कॉफी पिण्याची जागा. या बारच्या भिंतीवर मॅराडोनाचा एक छोटा देव्हारा आहे, आणि त्यात त्याचा म्हणून जपलेला एक केस ठेवलेला आहे. संघ विमानाने परतत असताना मॅराडोनाच्या आसनाच्या पाठीवर तो सापडला, अशी त्याची कथा. शेजारी एक कुपी आहे आणि तिच्यात १९९१ मध्ये तो शहर सोडून गेला तेव्हाचे नेपल्सचे अश्रू आहेत, असे सांगितले जाते. छायाचित्र काढायचे तर आधी कॉफी घ्यावी, हा इथला शिष्टाचार आहे आणि तो पाळावा. कॉफी लहान कपात, दाट आणि कढत मिळते. सोबत पाण्याचा पेला येतो तो कॉफीच्या आधी प्यायचा, म्हणजे जिभेला कॉफीची चव नीट कळते. जागा लहान असल्याने आमच्या डझनभर माणसांच्या गटाला दोन तुकड्यांत आत जावे लागले, पण वाटाड्याने ते फार सफाईने जमवून आणले.

सहलीचा सर्वांत मोलाचा भाग त्यानंतरच्या गल्ल्यांत आहे. वाटाड्या ओळखीच्या दुकानांपाशी थांबतो, दुकानदाराला हाक मारतो आणि स्वतः बाजूला होऊन फक्त दुभाष्याचे काम करतो. एका किराणा दुकानाच्या मालकाने गल्ल्याच्या मागे लावलेला फोटो काढून आमच्या हातात दिला. फोटोत तीच गल्ली होती, पण दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांमध्ये निळ्या-पांढऱ्या पताका बांधलेल्या, मध्ये घराघरांतून आणलेली टेबले एकाला एक जोडून लांबलचक पंगत मांडलेली, आणि एका टोकाला निळी कागदी टोपी घातलेले त्याचे वडील. घरटी वर्गणी काढून सजावट केलेली, दिव्यांच्या माळांवरून दोन आळ्यांत चुरस लागलेली, रंगाऱ्याने मजुरी न घेता पायऱ्या निळ्या रंगवलेल्या, हे ऐकताना आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळांची आठवण येणे अपरिहार्य होते. युव्हेंटस आणि मिलान यांच्या खोट्या शवपेट्या खांद्यावर घेऊन निघालेल्या अंत्ययात्रा आणि भिंतींवर चिकटवलेल्या त्यांच्या निधनवार्ता यांचेही वर्णन त्याने केले. आपले वडील त्या यात्रेत खोटे पाद्री झाले होते, हे सांगताना तो मनापासून हसला. मग २०२३ च्या विजयाचा विषय निघाला तेव्हा, तो वडिलांना पाहायला मिळाला नाही, एवढेच बोलून त्याने फोटो परत जागेवर लावला.

दुकानातून बाहेर पडल्यावर वाटाड्याने पोज्जोरेआले दफनभूमीच्या भिंतीची प्रसिद्ध गोष्ट सांगितली. १९८७ च्या विजयानंतर कोणीतरी त्या भिंतीवर मृतांना उद्देशून लिहिले होते, ‘काय गमावलेत तुम्ही, ठाऊक आहे का?’ आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली उत्तर उमटले, ‘आम्ही गमावले, हे तुम्हाला कोणी सांगितले?’ ही गोष्ट अनेक लेखांत वाचायला मिळते आणि तिथे ती चतुर विनोदासारखी वाटते. त्या किराणा दुकानाच्या पाठोपाठ ऐकल्यावर ती विनोद राहत नाही. सहलीची आखणी करणाऱ्याने हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला असावा, आणि त्यासाठी त्याचे कौतुक केले पाहिजे.

सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही गल्ली ख्रिस्तजन्माच्या देखाव्यांसाठी लागणाऱ्या मूर्तींची. मेंढपाळ आणि देवदूत यांच्या रांगेत आता फुटबॉलपटूही विकायला ठेवलेले असतात. इथला थांबा मला गरजेपेक्षा लांबलेला वाटला. ठरावीक दुकानात नेऊन खरेदीसाठी मोकळा वेळ देणे ही सर्वच सहलींची सवय असते, आणि ही सहल तिला अपवाद नाही.

तोलेदो रस्ता ओलांडून क्वार्तिएरी स्पान्योली या वस्तीच्या चढावर लागलो की मॅराडोनाच्या प्रसिद्ध भित्तिचित्राकडे जाणारी गर्दी दिसू लागते. दुसऱ्या अजिंक्यपदानंतर, १९९० मध्ये, मारिओ फिलार्दी या तरुण चित्रकाराने एमानुएले दे देओ रस्त्यावरच्या एका इमारतीच्या आडव्या भिंतीवर ते काढले. पुढे चित्र विटले आणि नेमक्या चेहऱ्याच्या जागी एक खिडकी काढली गेली. २०१६ मध्ये स्थानिक कारागीर साल्वातोरे योदिचे याने चित्राचे पुनरुज्जीवन केले आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस्को बोसोलेत्ती या अर्जेंटिनाच्या चित्रकाराने चेहरा नव्याने रंगवला. खिडकीच्या झडपा मिटलेल्या असल्या की चेहरा पूर्ण दिसतो, आणि घरातल्या माणसाने हवेसाठी त्या उघडल्या की खाली जमलेला जमाव वाट पाहत थांबतो. २५ नोव्हेंबर २०२० रोजी मॅराडोनाचे निधन झाल्यावर हा चौक स्मारकच बनला. फुले, मेणबत्त्या, सदरे, गळपट्टे आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या यांनी त्याच्या भिंती भरून गेल्या आहेत. त्याच वर्षी सान पाओलो मैदानालाही त्याचे नाव देण्यात आले.

याच चौकात वाटाड्याने २०२३ ची हकिगत सांगितली, आणि ती त्याने उत्तम सांगितली. मधली वर्षे वाईट गेली होती. २००४ मध्ये क्लब दिवाळखोरीत निघाला आणि तिसऱ्या श्रेणीतून नव्याने सुरुवात करावी लागली, तरी त्या काळातही त्याच्या सामन्यांना सेरी आ मधल्या बहुतेक संघांपेक्षा अधिक प्रेक्षक येत. नेपल्सचे लोक शकुन-अपशकुन कसोशीने पाळतात. विजय हाती येईपर्यंत त्याचा उच्चार करायचा नाही, असा तिथला दंडक आहे. त्या वर्षी आघाडीच इतकी मोठी होती की लोकांनी हा दंडक मोडून आधीच गल्ल्या सजवल्या. ३० एप्रिल रोजी घरच्या मैदानावर सालेर्नितानाने सामना संपत आला असताना बरोबरी साधली आणि फटाके पुन्हा घरात गेले. अखेर ४ मे रोजी उदिने इथे व्हिक्टर ओसिमेनच्या गोलमुळे १-१ अशी बरोबरी झाली आणि पाच सामने शिल्लक असतानाच तेहतीस वर्षांची प्रतीक्षा संपली. सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला होता, पण सुमारे ५०,००० लोक नेपल्सच्या मैदानात मोठ्या पडद्यांवर तो पाहत होते. आमचा वाटाड्या आपल्या मुलीसह त्यांच्यात होता. आपण १९८७ मध्ये काय पाहिले हे तिला वर्षानुवर्षे सांगत आलो होतो आणि त्या रात्रीपासून ते सांगण्याची गरज उरली नाही, असे तो म्हणाला.

आता उणिवा. दुसऱ्या अजिंक्यपदाला या सहलीत मिळतात जेमतेम दोन वाक्ये. वास्तविक ३ जुलै १९९० रोजी याच शहरात विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मॅराडोनाच्या अर्जेंटिनाने इटलीला पेनल्टींवर हरवले, आणि त्याआधी मॅराडोनाने नेपल्सच्या लोकांनाच आपल्या बाजूने उभे राहण्याची साद घातली होती. जल्लोषाच्या आठवणींत या पेचाचा उल्लेख हवाच होता. २३ मे २०२५ रोजी कालियारीवर २-० असा विजय मिळवून, इंटर मिलानपेक्षा केवळ एका गुणाने पुढे राहत, नापोलीने चौथे अजिंक्यपद पटकावले. स्कॉट मॅकटॉमिने आणि रोमेलू लुकाकू यांच्या गोलांचा तो सामना आणि नंतर समुद्रकिनाऱ्यालगत निघालेली खेळाडूंची मिरवणूक यांवरही घाईघाईने बोलून वाटाड्या मोकळा झाला.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे दुःखद बाजू पूर्णपणे गाळलेली आहे. मॅराडोनाचे कोकेन, १९९१ मधली खेळण्यावरची बंदी, कामोरा या नेपल्सच्या गुन्हेगारी टोळ्यांशी आलेला त्याचा संबंध यांबद्दल विचारल्याशिवाय एक शब्दही निघत नाही. २०२३ च्या त्या रात्री शहरात गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला आणि दोनशेहून अधिक माणसे जखमी झाली, हेही सांगितले जात नाही. मी विचारल्यावर वाटाड्याने टाळाटाळ न करता, प्रामाणिकपणे उत्तर दिले. मग हे मुळातच सांगायला काय हरकत आहे? ऐकणाऱ्याचे शहरावरचे प्रेम त्याने कमी होत नाही.

जाण्यापूर्वी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रस्ते काळ्या दगडी फरशांचे आणि शेवटचा टप्पा चढाचा आहे. अरुंद गल्ल्यांतून स्कूटर सतत धावत असतात, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी विचार करूनच नाव नोंदवावे. मैदान फुओरीग्रोत्ता भागात, इथून दूर आहे आणि सहलीत समाविष्ट नाही. शाकाहारी मंडळींनी वाटेत खाताना चौकशी करावी, कारण स्फोल्यातेल्ला या पापुद्र्यांच्या गोड पदार्थाच्या पिठात पारंपरिक पद्धतीनुसार डुकराची चरबी असते आणि तळलेल्या पिझ्झाच्या सारणात डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. मार्गेरिता पिझ्झा मागितला की प्रश्न मिटतो. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी, कारण दुपारी बरीच दुकाने बंद असतात आणि दुकानदार भेटले नाहीत तर या सहलीत फारसे काही उरत नाही. फुटबॉलची आवड नसलेल्या सोबत्यांनाही न्यावे. आमच्या गटात ऑफसाइड म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या दोन बाई होत्या, आणि दुकानदारांना सर्वाधिक प्रश्न त्यांनीच विचारले.