वर्गणी समितीला की सुपारी कलावंताला?

गावातल्या कलेसाठी वर्षाकाठी पंधरा-वीस हजार रुपये बाजूला काढायची तयारी असली, की आपल्या मराठवाड्यात दोन वाटा समोर येतात. एक, गावातल्या महोत्सव समितीला देणगी द्यायची. दुसरी, एखाद्या कलावंत-संचाला थेट सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, देऊन आपल्या दारात, गल्लीत किंवा मंदिरासमोर कार्यक्रम ठेवायचा आणि तो सगळ्यांना खुला करायचा. मी परभणीकर आहे. दोन्ही करून पाहिलंय, तेव्हा ठरवायला बसलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितो.

समितीची बाजू कमकुवत मुळीच नाही. नाटकाला रंगमंच लागतो, प्रकाशयोजना लागते, तालमीला जागा लागते. हे एकट्यादुकट्याने होणारं काम नाही. शास्त्रीय संगीत-नृत्याचंही तेच. शारंगदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाने संगीतावर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाने आज संभाजीनगरात 'महागामी' हे नृत्य शिकवणारं गुरुकुल महोत्सव भरवतं. अशा कामाला संस्थाच हवी. संस्थेची त्यासाठी नोंदणी असेल तर प्राप्तिकरात सवलत देणारी (८०जीची म्हणतात ती) पावतीही मिळते. मात्र जुनी करप्रणाली घेतली असेल तरच तिचा उपयोग, आणि २,००० रुपयांवरची देणगी रोखीने देऊ नका, त्यावर सवलत मिळत नाही.

आणखी एक गोष्ट समितीच्या बाजूची आहे, ती सहसा कुणी लक्षात घेत नाही. ज्येष्ठ कलावंतांना सरकारकडून मानधन मिळतं, आता दरमहा ५,००० रुपये. त्या अर्जाला कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. आयुष्यभर लग्नाघरी देवीचा गोंधळ घातलेल्या माणसाकडे कागद कुठून असणार? महोत्सवाचं प्रमाणपत्र, पेपरातली बातमी, मंचावरचा फोटो हे तिथे फार कामाला येतं.

एवढं असूनही माझं मन दुसऱ्या वाटेला लागलं ते एका संध्याकाळमुळे. एका महोत्सवाला मी देणगी दिली होती. त्यात स्थानिक लोककलांसाठी वेळ राखून ठेवला होता आणि गोंधळाचा संच आला होता. संचाचे नायक साठीच्या पुढचे, अंगरखा, गळ्यात कवड्यांची माळ. ते सांजेपासून मंचामागे तयार बसलेले. समोर सत्कार सुरू झाले. पाहुणे, मग पदाधिकारी, मग देणगीदार. देणगीदारांच्या यादीत माझंही नाव होतं. मलाही शाल, श्रीफळ, फोटो. ते आटोपेपर्यंत बराच उशीर झाला. मी खाली उतरत होतो तेव्हा एक कार्यकर्ता मागे जाऊन नायकांना सांगत होता, "बापू, चौक मांडू नका, वेळ नाही. थेट एखादं गाणं घ्या, दहा मिनिटांत आटपा."

त्यांच्या हातात खण आणि तांदूळ तसेच होते. पूजेचा चौक मांडून, घट ठेवून, दिवटी पाजळून देवीला बोलावल्याशिवाय गोंधळ सुरूच होत नाही. पण त्यांनी वाद घातला नाही. खण पिशवीत ठेवला, संबळ कमरेला बांधला आणि एक गाणं म्हणून उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पैशातून त्या कलेला मिळालं ते एवढंच, आणि ते मला सहन झालं नाही. समितीतली माणसं वाईट नव्हती. सगळ्या समित्या अशाच असतात असंही मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून कुठल्याही पत्रिकेत मी आधी सत्काराची नावं मोजतो.

पुढे घरी कार्य निघालं तेव्हा त्याच नायकांना सुपारी दिली आणि सगळ्या गल्लीला बोलावलं. त्यांनी घोंगडीवर चौक मांडला, वर धाटं उभी केली, आणि तुळजापूर, माहूर, अंबाजोगाईच्या देवींना नावं घेऊन बोलावलं. आख्यान द्रौपदीचं लागलं. तुणतुण्यावर त्यांचा नातू होता, शाळकरी लेकरू. आजोबा प्रश्न टाकायचे आणि तो हजरजबाबी उत्तरं द्यायचा. आख्यान खरं रात्रभराचं. रात्री दहानंतर उघड्यावर वाजवता येत नाही म्हणून दिवेलागणीलाच सुरू करावं लागलं आणि तीन तासांत बसवावं लागलं. पण काय गाळायचं, कुठे रेंगाळायचं, हे नायकांनी ठरवलं. माझ्या लेखी सगळा फरक तिथे आहे. राजारामबापू कदमांसारखे गोंधळमहर्षी याच परभणीने पाहिलेत, तेव्हा ऐकणारी माणसं इथे नाहीत हे मला कुणी सांगू नये. आयाबायांनी ताटात ओवाळणी टाकली, आणि पुढच्या लग्नसराईत शेजारच्या दोन घरांनी याच संचाला बोलावलं.

सुपारीच्याही अडचणी आहेत. व्यवहार तोंडी असतो, तेव्हा बिदागी, येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण आधीच बोलून घ्यावं. भाव पाडायला जाऊ नये. निम्मी रक्कम विसार म्हणून द्यावी, उरलेली त्याच रात्री हातात ठेवावी. पावसापाण्याची सोय बघावी लागते. रस्त्यावर मांडव घालायचा तर परवानगी लागते. करसवलत नाही. आणि कागदाचा प्रश्न उरतोच, पण तो सुटतो. मी कार्यक्रमाची तारीख घालून सहीचं पत्र दिलं, सोबत दोन फोटो छापून दिले. अर्जाला ते कितपत चालतं ते कार्यालयावर अवलंबून, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.



तुमचा जीव नाटकात किंवा शास्त्रीय गाण्यात असेल तर समितीलाच द्या, पण 'कलावंतांच्या मानधनासाठी' असं लिहून द्या आणि स्वतःचा सत्कार नको म्हणून आधीच सांगा. गोंधळ, भारूड, शाहिरी यांसाठी मात्र मी थेट सुपारीच द्या म्हणेन. जमलं तर ती चातुर्मासात द्या. तेव्हा लग्नं नसतात, नवरात्र उजाडेपर्यंत या संचांना फारशी बोलावणी नसतात, आणि घर तर चालवायचंच असतं. विसार आषाढाआधी पोचता झाला तर नायकांना साथीदार धरून ठेवता येतात, नाहीतर ती पोरं कामाला पुण्याकडे निघून जातात.