बिडाची कोळशाची शेगडी : एका हिवाळ्याच्या वापरानंतर

ग्वाल्हेरला जानेवारीत पारा कित्येकदा 5 अंशांच्या खाली उतरतो, त्यामुळे आमच्या लष्कर या भागातील घरासाठी दिवाळीनंतर खाली राखेचे दार असलेली बिडाची शेगडी घेतली आणि होळीपर्यंत ती जवळजवळ रोज वापरली. ऊब उत्तम मिळते, यात शंका नाही. पण ती सांभाळावी कशी, याविषयी लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते.

शेगडी अंगणातच पेटवावी. जाळीवर गोवरीचे तुकडे आणि ढलप्या, त्यावर लिंबाएवढे कोळसे रचून खालचे दार पूर्ण उघडे ठेवले की विस्तव लवकर धरतो. रॉकेल ओतावे लागत नाही. धूर संपून निखारे लाल झाले की शेगडी आत आणायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मात्र धूर थांबला म्हणजे धोका टळला, असे मुळीच नाही. दिवा मालवून पाहिले तर निखाऱ्यांवर निळसर ज्योती थरथरताना दिसतात. तो कार्बन मोनॉक्साइड जळत असतो. खालचे दार लोटले किंवा निखाऱ्यांवर राख पसरली की त्या ज्योती विझतात आणि तोच वायू न जळता खोलीत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके जड होणे, मळमळणे, ही लक्षणे थंडी बाधल्यासारखीच वाटतात, आणि झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत.

म्हणून आम्ही समोरासमोरच्या दोन खिडक्या किलकिल्या ठेवतो आणि निजण्यापूर्वी शेगडी अंगणात नेतो. सासूबाईंना रात्रभर ऊब हवी असते; त्यांना गरम पाण्याची पिशवी देतो. या बाबतीत तडजोड करू नये. सोबत या वायूचा अलार्मही बसवला आहे. पण युरोपीय मानकानुसार असे यंत्र 300 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 300 भाग) 3 मिनिटांत वाजत असले, तरी 50 पीपीएमला तासाभरानंतरच वाजते, त्यामुळे त्याच्या भरवशावर खिडक्या लावून घेऊ नयेत.

राखेत दडलेली ठिणगी दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडते, तेव्हा राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच काढावी. तापलेल्या बिडावर पाणी मात्र कधीही ओतू नये, ते तडकते.

उणीव एकच: जाळी मधोमध वाकली आहे. ती सुटी बदलता येते, हे घेतानाच पाहून घ्यावे.