‘अंधाधुन’नंतर काय ऐकावं? आठ महिन्यांच्या वापरानंतर

चांगला मानसशास्त्रीय थरारपट संपला की हात लगेच तसाच दुसरा सिनेमा शोधायला लागतो. तिथेच मजा जाते. दुसऱ्या सिनेमात डोकं पहिल्या मिनिटापासून शेवटच्या धक्क्याचा माग काढत बसतं आणि माणसं बघायची राहून जातात. म्हणून इथे आठ महिने वेगळा क्रम वापरला आहे: सिनेमा झाला की काही दिवस पडदा बंद, फक्त ऐकायचं. जुन्या श्रुतिका (म्हणजे रेडिओसारखी फक्त ऐकायची नाटकं), मराठी ऑडिओबुकं, पार्श्वसंगीत. त्यातलं काय जमलं आणि काय फसलं, ते खाली आहे.

सुरुवातीला ‘अंधाधुन’ घेतला, कारण श्रीराम राघवन यांचा 2018 चा, पुण्यात घडणारा हा सिनेमा मुळात कानांचा आहे. आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक वाजवत बसलाय, मागे प्रेत हलवलं जातंय आणि हलवणारी दोघं खाणाखुणांवर काम भागवताहेत. आपल्याला ऐकू येतो तो फक्त पियानो. बोटं अडखळली तर सोंग उघडं पडणार, म्हणून आपण प्रत्येक सुराकडे कान लावून बसतो. एवढी तयारी झालेल्या कानाला पुढे श्रुतिका पचायला जड जात नाही.

ऐकायला लागण्याआधी एक अपवाद करावा. सिनेमाची मूळ कल्पना जिथून आली तो 2010 चा ‘पियानो ट्यूनर’ हा फ्रेंच लघुपट बघून घ्यावा. जेमतेम तेरा-चौदा मिनिटांचा आहे. मात्र सिनेमाच्या नंतरच. आधी बघितला तर ‘अंधाधुन’मधला सर्वांत मोठा प्रसंग हातचा जातो.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत सीबीएस रेडिओवर 1942 ते 1962 अशी वीस वर्षं ‘सस्पेन्स’ नावाची मालिका चालली. बहुतेक भाग अर्ध्या तासाचे. इंटरनेट अर्काइव्हवर ते फुकट ऐकता आणि उतरवून घेता येतात. सुरुवात ‘सॉरी, राँग नंबर’पासून करावी. लेखिका ल्युसिल फ्लेचर, पहिलं प्रसारण मे 1943. अंथरुणाला खिळलेली एक बाई नवऱ्याच्या ऑफिसला फोन लावत असते, लाइन कुठेतरी भलतीकडे जुळते आणि दोन माणसं खुनाचा बेत ठरवताना तिला ऐकू येतात. वेळ रात्री सव्वाअकराची, कारण तेव्हा पुलावरून आगगाडी जाते आणि बाई ओरडली तरी ऐकू जाणार नाही. पुढचं सांगत नाही. बाईचं काम करणाऱ्या ॲग्नेस मूरहेडचा आवाज आधी चिडका, हट्टी, जवळजवळ नकोसा वाटणारा आहे. तो कधी केविलवाणा होतो ते नेमकं पकडता येत नाही, आणि इथे थरार आहे तो त्यातच. धक्क्यासाठी ऐकायला बसलेल्याच्या हातून हेच निसटतं.

एक सावधगिरी: हीच श्रुतिका मूरहेडने पुढे अनेकदा सादर केली, त्यामुळे शोधल्यावर बरीच रेकॉर्डिंग समोर येतात. पहिल्या प्रसारणात अगदी शेवटी संवादाची वेळ चुकली होती, त्यामुळे शेवट गोंधळाचा वाटतो. ऑगस्ट 1943 चं रेकॉर्डिंग घ्यावं.

सेटिंगबद्दल जरा सविस्तर, कारण ‘ऐकलं, पण काही वाटलं नाही’ असं झालं की दोष बहुधा इथे असतो. पॉडकास्टच्या बऱ्याच ॲपांत बोलण्यामधली शांतता आपोआप गाळायची सोय असते. बातम्यांना ठीक, थरारकथेत ती पहिली बंद करावी. फोन वाजतोय आणि कुणी उचलत नाही, या तीन सेकंदांसाठीच तर सगळा खटाटोप असतो. वेग 1 वरच ठेवावा, 1.25 वर माणूस घाबरलेला वाटत नाही, घाईत असलेला वाटतो. स्लीप टायमर अर्ध्या तासाच्या भागाला चाळीस मिनिटांचा लावावा. तीसचा लावला तर नेमका शेवट कापला जातो. पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करावं. जुनी रेकॉर्डिंग मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, त्यांना महागडे हेडफोन लागत नाहीत. खरखर फार असेल तर इक्वलायझरमध्ये वरची, तीक्ष्ण पट्टी थोडी खाली आणावी. याउलट आजच्या स्टिरिओ (दोन कानांत वेगवेगळा आवाज असलेल्या) श्रुतिका एकाच कानात इअरफोन घालून ऐकल्या तर अर्धी पावलं दुसऱ्या बाजूला हरवतात. त्यासाठी फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू करावं.

फ्लेचरचीच ‘द हिच-हायकर’ दुसऱ्या दिवशी. ब्रुकलिनहून कॅलिफोर्नियाकडे गाडीने निघालेल्या माणसाला वाटेत तोच एक वाटसरू पुन्हा पुन्हा दिसतो. आवाज ऑर्सन वेल्सचा, संगीत बर्नार्ड हर्मनचं. हर्मन हा त्या काळी फ्लेचरचा नवरा; पुढे 1960 मध्ये हिचकॉकच्या ‘सायको’चं संगीत त्यानेच केलं. ते नुसतं ऐकण्यासारखं आहे: फक्त तंतुवाद्यं, ढोल नाही, पितळी वाद्यं नाहीत. न्हाणीघरातला प्रसंग हिचकॉकला संगीताशिवाय हवा होता, हर्मनने तरीही लिहिलं आणि मग तेच राहिलं. सिनेमा बघितलेला नसेल तर मात्र संगीत आधी ऐकू नये.

मराठीत रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना तोड नाही. पण ऑडिओबुक निवडताना आधी नमुना ऐकावाच. मतकरींची कथा साध्या घरात, रोजच्या बोलण्यात सुरू होते. वाचणाऱ्याने पहिल्याच वाक्याला आवाज खोल नेला आणि मागे वाऱ्याचा घूं घूं लावला की कथा तिथेच संपली. नमुन्यात पहिला परिच्छेद सपाट, घरगुती सुरात वाचलेला असेल तरच पुढे जावं. एका ॲपवर अख्खा कथासंग्रह एकाच फाइलमध्ये, प्रकरणांच्या खुणांशिवाय मिळाला. एक कथा संपून श्वास घ्यायच्या आत दुसरी सुरू होते. अशा वेळी कथांच्या सुरुवातीच्या वेळा लिहून ठेवणं हाच उपाय. दिवसाला एकच कथा. सलग तीन ऐकल्या की मतकरींची चाल ओळखू येते आणि चौथी फुकट जाते.

फसलेला प्रकार म्हणजे खऱ्या गुन्ह्यांचे पॉडकास्ट. विषय जवळचा वाटतो, पण तिथे मेलेलं माणूस खरं असतं, घरचे अजून हयात असतात. त्याला ‘पुढचा थरार’ म्हणून लावणं पटत नाही, आणि मनाची उलघाल कथेसारखी उलगडतही नाही.

ज्यांना थरारपटात खुनापेक्षा चौकशीची खोली जास्त धरून ठेवते (‘दृश्यम’वाले बहुतेक यातले), त्यांनी थेट तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’कडे जावं. खोटा खटला खेळता खेळता बेणारे बाईंभोवती फास आवळत जातो. प्रेत नाही, पोलीस नाहीत, तरी हात गार पडतात. चांगलं रेकॉर्डिंग हाताशी नसेल तर संहिता घ्यावी आणि दोघा-तिघांनी मोठ्याने वाचावी. खटल्यात न्यायाधीश झालेल्या काशीकरांची वाक्यं अजिबात न रागावता, हसतमुखाने वाचायची.