नौपाड्यातून घेतलेली बाळाची लाकडी कॉट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे ठाण्यात पाचपाखाडीला आमच्याकडे आली, तेव्हा बाळासाठी कॉट निवडण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले. वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात मी तेहतीस वर्षे नोकरी केली. वस्तू घेण्याआधी ती मोजून पाहायची ही तिथली सवय, आणि या खरेदीत तिचा फार उपयोग झाला. ज्या कॉटविषयी मी लिहीत आहे ती नौपाड्यातील एका लहान दुकानातून घेतली. तिच्यावर कोणत्याही मोठ्या कंपनीचे नाव नाही; दुकानाचे मालक ती भिवंडीच्या एका सुताराकडून बनवून घेतात. कॉटची किंमत १४,५०० रुपये आणि गादीचे वेगळे ३,८०० रुपये पडले. मानकाचा शिक्का नसलेली वस्तू घ्यायची तर तपासणीची जबाबदारी घेणाऱ्यावरच येते, आणि ती कशी पार पाडली हे सांगितल्याशिवाय कॉट चांगली की वाईट हे सांगण्यात काही अर्थ नाही.

घरात पाळणा नव्हता असे नाही. माझ्या आजोबांच्या काळातला शिसवी पाळणा माळ्यावर आहे, त्याच्या पितळी साखळ्या अजून शाबूत आहेत आणि आमच्या घरातील तीन पिढ्या त्यात झोपल्या आहेत. सौभाग्यवतींचा साहजिकच त्याच्याकडे ओढा होता. तो खाली उतरवून मी मोजला, तेव्हा त्याच्या दोन गजांमधील अंतर नऊ सेंटिमीटर भरले. युरोपातील घरगुती कॉटसाठी असलेल्या ईएन ७१६ या मानकानुसार उभ्या पट्ट्यांमधील मोकळी जागा साडेचार ते साडेसहा सेंटिमीटर असावी लागते, आणि अमेरिकेच्या नियमात ती सुमारे सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. हे आकडे बाळाच्या शरीरावरून ठरलेले आहेत. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या कमरेपेक्षा मोठे असते. रुंद फटीतून पाय आणि कंबर सरकून बाहेर जातात, डोके मात्र आतच अडकते आणि साऱ्या शरीराचा भार मानेवर येतो. पट्ट्यांतून बाळाचे डोके बाहेर येणार नाही एवढीच खात्री आपण करून घेतो, पण धोका पायांच्या बाजूने येतो, हे मला स्वतःला तोवर ठाऊक नव्हते.

पाळण्याच्या रंगाचीही अडचण होती. १९८५च्या सुमारास माझ्या वडिलांनी त्याला हिरवा आणि लाल तैलरंग दिला होता. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा कमी असावे, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात किती शिसे होते हे डबा पाहून कळण्याची सोय नव्हती. सहाव्या-सातव्या महिन्यात दात शिवशिवू लागले की मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि कठड्याची वरची कड त्याच्या तोंडाच्या उंचीवरच येते. म्हणून बारशाच्या दिवशी, दहा माणसांच्या नजरेसमोर, नाव ठेवण्यापुरता तो पाळणा वापरायचा आणि रोजच्या झोपेसाठी नवीन कॉट घ्यायची, असे आम्ही दोघांनी ठरवले.

नौपाडा आणि गोखले रोडच्या परिसरात मी चार दुकाने पाहिली. एका दुकानात एक बाजू खाली सरकवता येणारी कॉट फार कौतुकाने दाखवण्यात आली. बाळंतिणीला वाकावे लागत नाही, हा तिचा फायदा मला मान्य आहे. पण ती सरकती बाजू मी हाताने हलवून पाहिली, तेव्हा एका कोपऱ्यात ती खाचेतून अर्धा सेंटिमीटर मागेपुढे होत होती, आणि ही दुकानातली नवी कोरी वस्तू होती. अशा कॉटचे प्लास्टिकचे खटके वापराने झिजतात, बाजू एका कोपऱ्यातून सुटते आणि गादी व बाजू यांच्यामध्ये निमुळती फट पडते. अमेरिकेत अशाच फटींत बाळे अडकून दगावल्यानंतर तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २८ जून २०११ पासून सरकत्या बाजूच्या कॉटचे उत्पादन आणि विक्री बंद केली. आपल्याकडे त्या अजून मिळतात. माझे मत विचाराल तर चारही बाजू पक्क्या असलेलीच कॉट घ्यावी. वाकण्याचा त्रास तळाची फळी वरच्या उंचीवर बसवल्याने पुष्कळ कमी होतो.

आम्ही घेतलेल्या कॉटचा आतला भाग १२० बाय ६० सेंटिमीटरचा आहे. पट्ट्यांमधील अंतर मी सगळीकडे मोजले, कारण हाताने बनवलेल्या वस्तूत एखादी पट्टी तिरकी बसू शकते. ते सर्वत्र साडेपाच ते सहा सेंटिमीटरच्या दरम्यान भरले. कोपऱ्याचे खांब कठड्याच्या वर आलेले नाहीत, त्यामुळे झबल्याचा बंद किंवा गळ्यातील गोफ अडकायला जागा नाही. (गळ्यात गोफ घालून बाळाला झोपवूच नये, हे वेगळे सांगायला हवे.) तळाची फळी दोन उंचीवर बसते. वरच्या स्थितीत फळीपासून कठडा ३४ सेंटिमीटर उंच आहे आणि खालच्या स्थितीत ६२. ईएन ७१६ नुसार ही उंची अनुक्रमे किमान ३० आणि ६० सेंटिमीटर असावी लागते, तेव्हा या कसोटीला ती उतरली. तळ सलग फळीचा नसून आडव्या पट्ट्यांचा आहे, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात, जेव्हा कपाटातील कपड्यांनाही बुरशी येते, तेव्हा गादीला खालून हवा लागणे किती गरजेचे आहे हे जुलैमध्ये कळले.

एवढी मोजमापे झाल्यावर कॉट निर्दोष आहे असे मी जाहीर करणार होतो. तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, थांबा जरा. पट्टी बाजूला ठेवा.” त्यांनी आपल्या सुती साडीचा पदर प्रत्येक पट्टीवरून आणि वरच्या कठड्याच्या खालच्या अंगावरून हळूहळू फिरवला. तीन ठिकाणी धागा अडकला. दोन ठिकाणी लाकडाचा बारीक कुसळ होता आणि एका ठिकाणी खिळ्याचे डोके किंचित वर आले होते, नेमके तिथे जिथे मूल उभे राहताना बोटे घालील. माझ्या मोजपट्टीला यातले काहीही सापडले नसते. दुकानाच्या मालकांनी वाद न घालता सुताराला बोलावून आमच्यासमोर कागदाने घासून घेतले आणि तो खिळा काढून तिथे स्क्रू आत बसवून दिला. कॉट घेणाऱ्या प्रत्येकाने ही पदराची परीक्षा करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

गादीच्या बाबतीत मात्र या दुकानाविषयी माझी तक्रार आहे. कॉटसोबत त्यांनी जी फोमची गादी दिली ती ११६ बाय ५६ सेंटिमीटरची निघाली. ती एका बाजूला सरकवली की दुसरीकडे चार सेंटिमीटरची फट पडत होती, आणि मोठ्या माणसाची दोन बोटे बसतील त्याहून अधिक फट असू नये. “थोडं कमीजास्त चालतं, काका” हे उत्तर बाळाच्या गादीबाबत कोणत्याही विक्रेत्याने देऊ नये. शिवाय ती गादी अतिशय मऊ होती. तळहाताने दाबली की हात आत जाई आणि खळगा लगेच भरून येत नसे. दुकानदार तोच तिचा गुण म्हणून सांगत होता. आरामाची आपली कल्पना आपल्या दुखऱ्या पाठीवरून ठरलेली असते. तान्ह्या बाळाला मऊ गादीची गरज नसते, आणि चेहरा गादीत रुतला तर त्याला मान उचलून वळवता येत नाही. मग त्याने सोडलेलीच हवा पुन्हा पुन्हा त्याच्या श्वासात जाते. त्याच कारणाने आम्ही पिंजाऱ्याकडून कापसाची गादी भरून घेण्याचा विचारही सोडला, कारण ती चार-सहा महिन्यांत मध्यभागी खचते. शेवटी रबर लावलेल्या काथ्याची, दहा सेंटिमीटर जाडीची, टणक आणि नेमक्या मापाची गादी त्यांनी आठ दिवसांत मागवून दिली. खालच्या स्थितीत गादीच्या वर ५२ सेंटिमीटर कठडा उरतो, आणि ५० पेक्षा कमी उरू नये, असा नियम आहे. म्हणजे याहून दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक जाड गादी घेतली असती तर सगळे गणित बिघडले असते.

गादीबरोबर २,२०० रुपयांचा एक संच घ्यावा असा दुकानात फार आग्रह झाला. त्यात कठड्याला आतून बांधायच्या लांब उशा, दोन लोड, एक दुलई आणि मोहरीची उशी होती. आम्ही त्यातले काहीही घेतले नाही, आणि यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. कठड्याच्या उशा नसतील तर बाळाचा हात पट्ट्यांत अडकेल, ही सौभाग्यवतींची काळजी अगदी रास्त होती. हात अडकला तर मूल रडते आणि आपण धावत जातो. तोंडावर उशी आली तर त्याला रडताही येत नाही, एवढे बालरोगतज्ज्ञांनी समजावल्यावर त्यांना ते पटले. अमेरिकेत मे २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने अशा उशांच्या विक्रीवर बंदी आली आहे. मोहरीची उशी सोडणे त्यांना अधिक जड गेले, कारण डोक्याला गोल आकार यावा म्हणून आमच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. डॉक्टरांनी त्यावर दिलेला उपाय सोपा होता: झोपवताना नेहमी पाठीवरच झोपवायचे, रात्रीआड डोके उजवीकडे आणि डावीकडे कलते करायचे आणि बाळ जागे असताना, आपल्या देखत, दिवसातून काही वेळा पालथे ठेवायचे. नातीचे डोके आज छान गोल आहे. थंडी वाटेल म्हणून दुलई घालण्याऐवजी अंगात एक झबले अधिक घातले, आणि ती कुशीवर वळू लागताच दुपट्यात गुंडाळणेही थांबवले.

दुकानातून कॉटवर टांगायची मच्छरदाणी मोफत मिळाली होती. तिचा सैल घेर बाळाच्या हाताशी येत होता, म्हणून ती परत केली आणि खर्चाचा विचार न करता खिडक्यांनाच जाळी बसवून घेतली. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने हा खर्च करावाच लागला असता. कॉट खिडकीपासून आणि पडद्याच्या दोरीपासून दूर, कन्येच्या पलंगाशेजारी हाताच्या अंतरावर ठेवली. पहिले सहा महिने तरी बाळाने आईच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावे, असा डॉक्टरांचा सल्ला होता, आणि दहा बाय अकराच्या खोलीतही ते जमले.

कॉट घरी आणल्यावर तिला पॉलिशचा वास येत होता. ती तीन आठवडे गॅलरीत उघडी ठेवली. बाळाच्या जन्माच्या आदल्या दिवशी केलेली खरेदी म्हणून सोयीची नसते. जोडणीचा कागद अगदीच अपुरा आहे, त्यातील आकृतीत डावी आणि उजवी बाजू उलट छापली आहे, आणि आमच्या पिशवीत एक बोल्ट कमी होता. चार चाकांपैकी दोनच चाकांना अडसर आहे. तेवढे पुरते, पण अडसर पायाने नीट दाबला गेला का हे वाकून पाहावे लागते. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसते, त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास सगळे बोल्ट अर्धा-पाऊण फेरा सैल झालेले आढळले. हा दोष कॉटचा म्हणता येणार नाही, मात्र दुकानाने तो आधी सांगायला हवा होता. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाना फिरवून पाहतो.

दिवाळीपूर्वी कन्या ऐरोलीला सासरी गेली, तेव्हा कॉट सुटी करून, प्रत्येक भागावर पेन्सिलीने क्रमांक घालून टेम्पोने कळवा पुलावरून पाठवली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन जोडून आलो. डिसेंबरमध्ये नात आधाराशिवाय बसण्याच्या बेतात आली, त्या आठवड्यातच तळ खालच्या उंचीवर बसवला. ती धरून उभी राहीपर्यंत थांबणे धोक्याचे ठरले असते. तळ उतरवताना एका बोल्टचे आटे झिजलेले दिसले. दुकानात फोन केला तर मालकांनी तसे चार बोल्ट काढून ठेवले आणि पैसे घेतले नाहीत. त्यातले तीन अजून शिल्लक आहेत, ते कॉटच्या तळाखाली पिशवीत बांधून ठेवले आहेत.