स्क्रॅच: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्क्रॅच म्हणजे आदेशांचे ठोकळे (ब्लॉक) एकमेकांना जोडून मुलांना स्वतःचे गेम आणि हलती चित्रं बनवता येणारं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने बनवलेलं हे सॉफ्टवेअर २००७ पासून सगळ्यांसाठी मोफत आहे. आमची सहावीतली मुलगी ते जूनपासून वापरतेय. मांजर नाचवणं, पाठलागाचे गेम हे सगळं करून झालं. पण मी या सॉफ्टवेअरच्या प्रेमात पडले ती तिने टप्पे घेणारा चेंडू केला तेव्हा.

स्क्रॅचमध्ये गुरुत्वाकर्षणाचा तयार ब्लॉक नाही, ते आपणच रचायचं. 'वेग' नावाचा व्हेरिएबल (बदलता आकडा साठवायची जागा) घ्यायचा, फॉरएव्हर या सतत फिरत राहणाऱ्या ब्लॉकच्या आत दर फेरीला त्यातून १ वजा करायचा आणि चेंडूचा वाय (पडद्यावरची उंची) तेवढ्याने बदलायचा. बस्स. चेंडू वर जातो, क्षणभर थबकतो, मग वाढत्या वेगाने खाली येतो. वेगाचा आकडा स्टेजवर सतत दिसत असल्यामुळे वर जाताना धन, टोकाला शून्य, खाली येताना ऋण हे मी शिकवायच्या आधी तिनेच मला दाखवलं. पूर्णांकांचा धडा वर्गात नंतर आला.

जमिनीवर आपटल्यावर वेग उणे १ ने गुणला तर टप्पे थांबतच नाहीत. उणे ०.८ ने गुणला तर पुढचा टप्पा आधीच्या साधारण ६४ टक्के उंच जातो. ८० टक्के का नाही, यावर जेवताना बराच वाद रंगला, आणि उंची वेगाच्या वर्गावर ठरते हे त्यातूनच निघालं. मध्येच चेंडू जमिनीत रुतून थरथरायला लागला. आधी वाय जमिनीच्या पातळीवर आणायचा, मग वेग उलटवायचा, हे तिने स्वतः शोधलं. फेट या विज्ञानाच्या संकेतस्थळासारखी तयार सिम्युलेशनं (प्रयोगांची आभासी रूपं) सुंदर आहेत, आम्ही तीही वापरतो, पण तिथे नियम दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेले असतात.

मर्यादा आहेत. स्वतः बनवलेला ब्लॉक उत्तर परत देत नाही, ते व्हेरिएबलमध्ये साठवावं लागतं, त्यामुळे गणित वाढलं की व्हेरिएबलांचा पसारा होतो. फोनवर ब्लॉक ओढणं त्रासाचं, लॅपटॉपच हवा. डेस्कटॉप अ‍ॅप मात्र इंटरनेटशिवाय चालतं. एका वेळी पात्रांच्या ३०० च नकला (क्लोन) होतात, पण वर्गात सर्दी कशी पसरते एवढं दाखवायला त्या भरपूर झाल्या.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना स्क्रॅचज्युनियर द्या. मोठ्यांना महागडा क्लास लावण्याआधी हे उघडून द्या आणि शेजारी बसा. व्हिडिओ बघून जसंच्या तसं उतरवायला मात्र लावू नका.