रोजनिशी स्वतःजवळ ठेवावी की सहकाऱ्यांना वाचायला द्यावी?

आपल्या अध्यापनाविषयी नियमित लिहू लागलेल्या प्राध्यापकापुढे लवकरच प्रश्न उभा राहतो, की हे लिखाण स्वतःपुरते ठेवावे की दोन-चार सहकाऱ्यांना दाखवावे. हेतू दोन्हींचा एकच असतो: आपल्या अध्यापनावर चिंतन करून ते सुधारणे. व्यावसायिक लोक कामातून कसे शिकतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम चालू असतानाचे चिंतन आणि काम झाल्यानंतरचे चिंतन असा भेद केला; वर्गात पहिल्याला क्षणभराचीच सवड मिळते, दुसऱ्यासाठी मात्र वही उघडता येते.

खासगी रोजनिशीचे बळ तिच्या मोकळेपणात आहे. ‘आज हा भाग मलाच नीट उमगलेला नव्हता’ हे वाक्य तिथे निःसंकोच लिहिता येते. कोणी वाचणार आहे हे ठाऊक असले, की ते सहसा लिहिले जात नाही. शिवाय तास संपल्यावरची दहा मिनिटेही तिला पुरतात. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये सांगितलेल्या चिंतनाच्या सहा पायऱ्या, म्हणजे घटनेचे वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती, नवख्याला आधार देतात, परंतु घाईत लिहिलेली नोंद पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबण्याचा धोका असतो.

रोजनिशीची खरी उणीव मला उशिरा कळली. एका सत्रात ‘वर्ग गप्प होता, मुले वाचून आलेली नव्हती’ ही नोंद माझ्या वहीत महिन्याभरात चार वेळा आली आणि प्रत्येक वेळी ती मला पटत गेली. ती पाने एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी वाचली आणि एवढेच विचारले, “सर, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?” याचे उत्तर एकाही नोंदीत नव्हते. पुढच्या तासाला मनात आकडे मोजले, तेव्हा दोन म्हणण्याआधीच मी उत्तर लिहायला फळ्याकडे वळलो होतो. विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांना शाळांतील विज्ञानाच्या वर्गांत हेच आढळले होते: शिक्षक सरासरी सुमारे १ सेकंद थांबत, आणि तो अवधी ३ सेकंदांवर नेला की उत्तरे लांबत व अधिक मुले बोलू लागत. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन ब्रुकफिल्ड यांनी १९९५ मध्ये स्वानुभव, विद्यार्थी, सहकारी आणि अभ्यासग्रंथ अशा चार दृष्टींतून अध्यापन पाहावे असे म्हटले. मी तोवर पहिल्याच दृष्टीवर विसंबून होतो.

सहकाऱ्यांना दाखवायच्या लिखाणाची किंमतही लक्षात घ्यायला हवी. वेळ अधिक जातो, विद्यार्थ्यांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील काळजीपूर्वक गाळावा लागतो, आणि वाचणारी व्यक्ती आपल्या कामाचे मूल्यमापन करणारी असेल, तर चिंतनाची जागा स्वतःची बाजू मांडणे घेते. वरिष्ठांना सादर करण्याच्या नोंदी म्हणूनच मी या तुलनेत धरत नाही.

नोकरीत नवे असाल किंवा आत्मविश्वास डळमळलेला असेल, तर निदान एक सत्र रोजनिशी स्वतःजवळच ठेवावी, असे माझे मत आहे. तोच विषय वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांनी मात्र दर आठवड्याला लिहावे आणि महिन्यातून एक नोंद विश्वासातल्या दोघांना द्यावी. देताना शेवटी एक नेमका प्रश्न लिहावा, कारण ‘कसे वाटले?’ असे विचारले तर बहुधा कौतुकच परत येते.