५० एचपी ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट: दोन हंगाम वापरल्यानंतर

या ट्रॅक्टरच्या इंजिनाबद्दल किंवा डिझेलच्या खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. लिहायचे आहे ते हायड्रॉलिकबद्दल, म्हणजे पंपाने दिलेल्या तेलाच्या दाबावर अवजार उचलणाऱ्या लिफ्टबद्दल. पहिल्या हंगामात बांधापाशी वळताना लिफ्ट पलटी नांगर चटकन उचलत असे. यंदाच्या उन्हाळी नांगरटीत मात्र तोच नांगर रेंगाळत, झटके घेत वर येऊ लागला आणि पंपातून बारीक शिट्टीसारखा आवाज निघू लागला. सर्व्हिस सेंटरने काहीही न उघडता पंप बदलण्याचे अंदाजपत्रक हातात दिले. ती रक्कम पाहिल्यावर आधी स्वतः तपासायचे मी ठरवले.

नांगर सावकाश का होईना, मातीसकट पूर्ण वर येत होता. म्हणजे दाब मिळत होता, कमी पडत होता तो तेलाचा प्रवाह. त्यामुळे रिलीफ व्हॉल्व्हवरचा, म्हणजे दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल सोडून देणाऱ्या झडपेवरचा, संशय मागे पडला. पंप आतून झिजला असता, तर थंड तेलावर लिफ्ट बरी चालून तेल तापून पातळ झाल्यावर मंदावली असती. इथे त्रास सकाळीच अधिक होता. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसले, म्हणून थोडे काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवले. सकाळी तळाशी पाणी नव्हते आणि तेल पुन्हा नितळ झाले होते; त्यात मिसळली होती ती हवा.

गावातल्या मेस्त्रींनी पंपाकडे तेल ओढून नेणारा सक्शन पाइप उतरवला, तेव्हा जोड हवाबंद ठेवणारी रबरी ओ-रिंग कडक, चपटी आणि एका जागी चिरलेली निघाली. गाळणीच्या जाळीवरही चिकट गाळ बसला होता. ओ-रिंग नवी घातली, गाळणी धुतली, तेल बदलले. पंप तोच ठेवला. आता नांगर पूर्वीसारखा उचलतो, तेल तापल्यावरही. नांगरटीत पंपावरचा माझा विश्वास उडाला होता, तो परत बसला.

गाळणीची जागा मात्र मला अजिबात मान्य नाही. ती तेलाच्या पातळीखाली असल्याने काढण्यापूर्वी गिअरबॉक्स, ब्रेक आणि लिफ्ट यांचे सामाईक तेल, सुमारे ४० लिटर, उतरवावे लागते. एवढे तेल धूळ न लागू देता साठवणे शेतावर कठीण, आणि दर वेळी नवे भरणे परवडत नाही. साहजिकच लोक गाळणी साफ करणे पुढे ढकलतात आणि शेवटी भुर्दंड पंपाचा पडतो. तेल अडवणारा एक साधा व्हॉल्व्ह कंपनीने दिला असता, तर हे काम घरच्या घरी झाले असते. ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी लिफ्ट किती किलो उचलते हे विचारताना, गाळणी तेल न उतरवता निघते का, हेही शोरूममध्येच पाहून घ्यावे.